दीड घर

डिसेंबर लागला की आधी कापड बदलतं,
थंडी मागून येते.
देवळाली गावातल्या माझ्या दुकानात
फळीवरची फुलं मागे सरतात, रेघा मागे सरतात,
आणि पुढे येऊन बसतो चौकडा.
तांबडा-काळा, हिरवा-निळा,
आणि एक राखाडी, जो दरवर्षी उरतो
आणि दरवर्षी शेवटी कुणीतरी तोच नेतं.

का नेतात, मला विचारू नका.
भाचा म्हणतो, आत्या, चेक्सची फॅशन कधी जात नाही.
जाणार कुठे?
चारी बाजूंनी कुंपण आहे तिला.
शरफुद्दीन मास्तर म्हणायचे,
साधं कापड गरम असतं, चौकडा गरम दिसतो,
आणि निम्मी थंडी माणसाला डोळ्यांतून वाजते.

मास्तरांनीच शिकवलं:
चौकड्याला पाव मीटर जास्त माग.
गिऱ्हाईक कुरकुरलं तरी माग.
खिशाची रेघ छातीच्या रेघेत बुडाली पाहिजे,
काजपट्टीवर घर दुभंगता कामा नये,
बाही दंडाला मिळते तिथे आडवी रेघ
न थांबता पाठीकडे गेली पाहिजे.
साध्या कापडात चूक झोपून राहते, पोरी.
चौकड्यात ती उठून बसते.

रंगनाथ पगारे आले त्या सकाळी
निफाडला पारा पाचाच्या खाली होता म्हणे,
द्राक्षबागांतून रात्रभर धूर.
इथे गल्लीत
नळाखाली भांडी तशीच पडलेली,
माझ्या कात्रीचं लोखंड बोटाला चावत होतं.
दारातच उभे राहिले.
चपला काढाव्या की नाही, या विचारात बराच वेळ.

एकतीस वर्षं मालधक्क्यावर.
सिमेंट, खत, गहू.
उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली.
टेप लावायच्या आधीच मला दिसलं,
आणि मला दिसलं
हे त्यांना दिसलं.

"आजवर साधंच घातलं," म्हणाले.
"एकदा रेडीमेड घेतला होता चौकडीचा, पुतणीच्या लग्नात.
भेटेल तो माणूस ओढून सरळ करायचा.
शर्ट वाकडा नव्हता, बाई."

त्यांनी तांबडा-काळा निवडला.
बोट नाही ठेवलं,
नुसती हनुवटी हलवली त्या बाजूला.

रात्री कापड पसरलं, खडू घेतला, ठेवला.
मास्तर असते तर हात धरला असता.
पट्टीपाशी रेघेला रेघ लावली,
आणि तिथून उजव्या खांद्याकडे
दीड घर चढत नेलं.
पाठीलाही तसंच, थोडं थोडं,
सगळी शिस्त मोडत, शिस्तीनं.
दोनदा उसवलं.
चहा गार झाला तो तसाच प्याले.

शर्ट दोन दिवस दारात हँगरला होता.
समोरचा कचरू आहेर मशीनचा पट्टा मागायला आला,
बघून हसला.
"ताई, चष्मा बदला आता."
बदलते, म्हटलं.
एक बाई ब्लाउजचं कापड परत घेऊन गेली.

शनिवारी पगारे आले.
बनियनवरूनच चढवला,
खालून वरपर्यंत गुंड्या लावल्या, गळ्याचीसुद्धा.
माझ्या आरशाचा एक कोपरा काळा पडलाय,
तो टाळून उभे राहिले.
आडव्या रेघा एका दंडापासून दुसऱ्या दंडापर्यंत
कुठेही न अडखळता गेल्या.

बराच वेळ बघत होते.
मग म्हणाले,
"खिसा लहान झाला.
तंबाखूची डबी मावत नाही."

खिसा उसवला, मोठा केला,
पुन्हा घराला घर लावत. पाऊण तास.
ते बाकावर बसून राहिले,
शर्ट माझ्याकडे, अंगावर माझी शाल,
आणि बाहेर ऊन यायचं काही चिन्ह नाही.

वळणापर्यंत पाठ दिसत होती.
धुक्यात माणूस आधी विरला,
तांबडी घरं थोडी मागे राहिली.

उरलेल्या तुकड्याची मी मशीनला खोळ शिवली.
काहीच जुळवलं नाही.
तिला खांदे नाहीत.